प्रॉम्प्टर नसलेलं नाटक

महादेव आप्पाला माणसं पारखायची सवय लागली ती डेअरीत. सकाळ-संध्याकाळ दुधाची फॅट काढता काढता, कोण म्हशीचं आणलंय आणि कोण निम्मं विहिरीचं, हे त्याला कॅनचं झाकण निघायच्या आधी, आणणाऱ्याच्या चालीवरनंच कळायचं. तोंडानं तो कुणाला काही बोलायचा नाही. यंत्र दाखवेल तो आकडा डेअरीच्या वहीत लिहायचा आणि त्या माणसाचा आकडा मनातल्या वहीत.

गावातल्या नटांचीही त्या दुसऱ्या वहीत नोंद होती. बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात गुंजीच्या अलीकडं, रुळाला लागून असलेल्या या गावात जत्रेला नाटक झालंच पाहिजे, आणि त्या नाटकाचा प्रॉम्प्टर गेली सत्तावीस वर्षं महादेवच. भावकू कंडक्टर : आवाजाला फॅट भरपूर, पाठांतराच्या नावानं नुसतं पाणी. बेळगावपासून खानापूरपर्यंतचे सगळे थांबे झोपेत म्हणून दाखवेल, पण लागोपाठ दोन वाक्यं त्याच्या डोक्यात कधी मुक्कामाला राहिली नाहीत. रवळू सुतार : रडायला एक नंबर, पण कशासाठी रडायचं ते कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगणारा कुणीतरी म्हणजे विंगेत गुडघ्यावर पुस्तक घेऊन बसलेला महादेव. सुरुवातीला तो कुजबुजायचा. पुढं पुढं आवाजाचीही गरज उरली नाही. त्यानं नुसते ओठ हलवले की भावकू ते वाचायचा आणि माईकवर गडगडायचा. लोक म्हणायचे, भावकूसारखा नट तालुक्यात नाही. महादेवही म्हणायचा, व्हय, तसा न्हाय.

आता याच महादेवाचा मुलगा साईराज सीमेपलीकडं, महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात नाट्य आणि माध्यम या विषयात एम.ए. करत होता. पाव्हणे विचारायचे, माध्यम म्हणजे टीव्हीत दिसणार काय? दिसंल की, असं महादेव सांगायचा, कारण खरं काय ते त्यालाही कळलेलं नव्हतं. एवढं कळलं होतं, की शेवटच्या वर्षी प्रत्येकानं आपल्या भागातली माणसं घेऊन स्वतः लिहिलेलं एक नाटक बसवायचं, आणि बाहेरचे परीक्षक ते बघून मार्क देणार. साईराजला पुण्यातल्या एका मुलांच्या नाटकाच्या संस्थेत जुलैपासून नोकरी ठरली होती. अट एकच, पदवी हातात पाहिजे. म्हणजे या नाटकावर पदवी आणि पदवीवर नोकरी. एवढा हिशेब महादेवाला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

साईराजनं ठरवलं, की जत्रेचं नाटकच परीक्षेला दाखवायचं. कमिटीनं होकार दिला, पण तोंडं पाडून. नेहमीचं ‘शपथ थोरल्या भावाची’ सोडून हा पोरगा कसलं तरी कचेरीतलं नाटक करणार होता. एक म्हातारा वारसाचा दाखला काढायला तालुक्याच्या कचेरीत जातो, फॉर्म कन्नडमध्ये, क्लार्क कामात, म्हातारा दिवसभर बाकावर. संपलं नाटक. गाणं नाही, खून नाही, कुंकू पुसणं नाही. रवळूनं विचारलं, “मग रडायचं कुठं?” साईराज म्हणाला, रडायचं नाही, रवळूदादा, तू क्लार्क आहेस.

आणि दुसरं म्हणजे प्रॉम्प्टर नाही. तालमीच्या पहिल्या दिवशी साईराजनं वडिलांना बाजूला घेऊन नीट, प्रेमानं सांगितलं, की आप्पा, आमच्यात प्रॉम्प्टर नसतो. नटानं पाठ करायचं असतं. नियमात छापलेलं आहे, प्रयोग चालू असताना बाहेरनं शब्द सांगितलेला परीक्षकाला आढळला, तर प्रयोग नापास.

“बरोबर हाय,” महादेव म्हणाला. “पाठ केलंच पायजे.”

तो मनापासून म्हणाला होता, त्यात खोट नव्हती. तालमी शाळेच्या खोलीत चालायच्या. महादेव डेअरीवरनं चहाची किटली घेऊन यायचा आणि मागच्या खिडकीपाशी उभा राहायचा. साईराज पुढं बाकावर बसून वहीत काय काय टिपून घ्यायचा. पहिल्याच दिवशी भावकू तिसऱ्या वाक्यावर अडला आणि त्यानं सवयीनं खिडकीकडं बघितलं. पोराचं डोकं वहीत होतं. महादेवाचे ओठ हलले. त्यानं हलवले असं म्हणता येणार नाही. वासरू ढुसण्या द्यायला लागलं की गाय पान्हा सोडते, तसं ते झालं. भावकूनं वाक्य म्हटलं. साईराजनं मान वर केली आणि म्हणाला, वा.

त्या ‘वा’नं घात केला. दुसऱ्या दिवशी रवळूनंही खिडकीकडं बघितलं. चौथ्या दिवशी साईराज सगळ्यांना शिकवत होता, की बोलताना नजर भिरभिरू देऊ नका, समोर एक जागा धरा आणि तिथंच बघा. सगळ्यांनी एकमतानं खिडकी धरली. साईराज खूश झाला. वहीत त्यानं ‘नजरेची एकाग्रता उत्तम’ असं लिहिलं, हे महादेवानं चहा देताना मागनं वाचलं. आज सांगू, उद्या सांगू करत दीड महिना गेला. शेवटी त्यानं मनाशी सोपा मार्ग काढला : प्रयोगाच्या दिवशी डाव्या विंगेतल्या पडद्याला जी फट आहे, तिथं उभं राहायचं. आवाज नाही, पुस्तक नाही, नुसते ओठ. कोण बघतंय? भावकूला आणि रवळूला त्यानं तसं सांगूनही ठेवलं. भावकू म्हणाला, “मग काय भ्या न्हाय.”

जत्रेचं नाटक एरवी रात्री दहाला चालू होतं, पण परीक्षक मॅडमना परत जायचं होतं म्हणून सातची वेळ ठरली. बायका घाईघाईनं धारा काढून आल्या. मॅडमचं नाव सोनल होतं; वयानं लहान, डोळ्यांवर मोठा चष्मा, मांडीवर नाटकाची टाइप केलेली प्रत. पहिल्या रांगेत त्यांच्यासाठी सोफा आणला होता. महादेवानं त्यांना लांबनं पारखलं : कमी बोलणार, सगळं लिहिणार. असं माणूस वाईट नसतं, पण सुटका देत नाही.

सव्वासातला तो डाव्या विंगेकडं निघाला आणि तेवढ्यात माईकवर साईराजचा आवाज आला.

साईराज माणसांसमोर फारसं बोलायचा नाही, पण त्या दिवशी बोलला. म्हणाला, मी नाटकाकडं वळलो ते ज्या माणसामुळं, तो सत्तावीस वर्षं विंगेत बसला, लोकांनी त्याला कधी बघितलं नाही. आज त्यानं समोर बसून नाटक बघायचं. मग त्यानं वडिलांना हाताला धरून स्टेजवर नेलं. कमिटीनं फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बायकांत बसलेल्या त्याच्या बायकोनं, जयाबाईनं, पदर डोळ्यांना लावला. महादेव फेट्याखालनं भावकूला शोधत होता. भावकू पडद्याआडनं हा सत्कार बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग, मेकअप असूनही, उतरलेला दिसत होता.

“आरं, मी आतच बसतो की,” महादेव पोराच्या कानाशी म्हणाला. “मला समोरनं बघायची सवय न्हाय.”

“आज लावून घ्या,” साईराज हसून म्हणाला आणि त्यानं त्याला नेऊन सोफ्यावर मॅडमच्या शेजारी बसवलं. स्वतः मागं दिव्यांच्या बटणांपाशी गेला.

दिवे लागले. स्टेजवर एक टेबल, एक खुर्ची, एक बाक. पहिली पाच मिनिटं बोलणंच नव्हतं. रवळू क्लार्क कागद चाळतो, भावकू म्हातारा बाकावर बसतो, उठतो, परत बसतो. ते त्यांनी झकास केलं. मॅडमनी काहीतरी लिहिलं. महादेवाला वाटलं, असंच बिनबोलता तासभर गेलं तर किती बरं.

मग रवळूनं विचारलं, काय काम आहे. हे वाक्य त्याला येत होतं, कारण पहिलंच होतं. भावकूनं तोंड उघडलं. ‘वारसाचा दाखला पायजे साहेब, भाऊ वारला,’ एवढंच म्हणायचं होतं. भावकूनं डाव्या विंगेकडं बघितलं. तिथं पडदा होता. त्यानं समोर बघितलं, पण दिव्यांचा झोत डोळ्यांवर आणि खाली सगळा अंधार. महादेव ओठ हलवत होता. तोंड फाकून, मान वर करून, मुक्या माणसानं बोलावं तसं हलवत होता. भावकू थेट त्याच्याकडं बघत होता आणि त्याला काहीही दिसत नव्हतं.

महादेव उठायला गेला. मॅडमनी हळूच त्याच्या शालीला हात लावला आणि बसा ना, काका, अशी खूण केली. मागं आख्खं गाव बसलेलं. एक शब्द जरा मोठ्यानं म्हटला तर भावकूला ऐकू जाणार होता. त्याआधी तो हातभरावर बसलेल्या बाईला ऐकू जाणार होता. तरी शेवटी त्याच्या तोंडून अर्धवट निघालंच, “वारसाचा…”

“शू,” मॅडम म्हणाल्या. “तो पॉज आहे, काका. किती छान धरलाय.”

महादेवानं तोंड मिटलं. क्षणभर त्याला वाटलं, देव करो आणि हा पॉजच असो. पण मागनं कुणीतरी खोकलं, एक पोरगं पिपाणी वाजवायला लागलं, आणि पॉज लांबतच गेला. टेबलामागं रवळूचाही धीर सुटला. तो खुर्चीतनं उठला, भावकूजवळ गेला, आणि त्याला सांभाळून घ्यावं म्हणून म्हणाला, “बोल की दादा.”

तिथं सगळं फिरलं. ‘शपथ थोरल्या भावाची’च्या तिसऱ्या अंकात धाकटा भाऊ थोरल्यापुढं येतो तो याच तीन शब्दांनी. ते नाटक गावानं अकरा वेळा केलेलं. भावकूला आयुष्यात जे काही थोडं पाठ झालं होतं ते तेवढंच. त्याचा चेहरा उजळला. छाती पुढं आली, आवाज मांडवाच्या कापडाला जाऊन भिडला.

“काय बोलू, धाकट्या? ज्या घरात आईचा शब्द चालत नाही, त्या घरात थोरल्याची जीभ लाकडाची होते!”

रवळूनं सुस्कारा सोडला. मग सरकारी क्लार्क अर्जदाराच्या पायांवर पडून रडायला लागला, आणि काय रडला. जत्रा कमिटीचा पेटीवाला, ज्याला साईराजनं या वर्षी नुसतं पाहुणा म्हणून बसवलं होतं, तो न राहवून पेटीवर बसला. मांडव शिट्ट्यांनी दणाणला. बायका पुढची वाक्यं नटांच्या आधी म्हणत होत्या.

मॅडम प्रतीची पानं उलटत होत्या. चार पानं पुढं गेल्या, दोन मागं आल्या. मग त्यांनी प्रत महादेवापुढं धरली आणि विचारलं, “काका, हे कुठं आहे यात?”

इतकी वर्षं तो दुसऱ्यांना शब्द देत आला होता. आता या बाईला काय द्यायचं ते त्याला सुचेना. खोटं बोलायचं तर ते पटण्याजोगं पाहिजे, आणि खरं बोलायचं तर त्यात दीड महिना सांगायला लागणार.

“फुडं असंल,” तो म्हणाला.

त्या शेवटच्या पानापर्यंत गेल्या. मग त्यांनी प्रत मिटली, पेनाला टोपण लावलं आणि हात बांधून नाटक बघत बसल्या. महादेवानं मागं वळून बघितलं. साईराज बटणांपाशी उभा होता. एक दिवा बारीक करत होता, परत मोठा करत होता, कुठल्या प्रसंगाला कुठला दिवा द्यायचा ते त्याच्या हातांना कळत नव्हतं.

नाटक संपल्यावर पोरांनी साईराजला खांद्यावर घेतला. लोक म्हणत होते, एवढं रंगलेलं नाटक दहा वर्षांत झालं नाही, कचेरीतनं एकदम घरात आणलं, काय डोकं लावलंय. जत्रा कमिटीच्या चेअरमननं माईकवरनं पुढच्या वर्षीचं दिग्दर्शनही त्यालाच जाहीर करून टाकलं. महादेव त्या गर्दीत शिरायला बघत होता आणि लोक त्याच्याच गळ्यात पडत होते.

गर्दी पांगल्यावर मॅडमनी साईराजला गाडीपाशी बोलावलं. महादेव चार पावलांवर थांबला. मॅडम रागावल्या नव्हत्या, तेच अवघड होतं. त्या म्हणाल्या, नट चांगले आहेत, सुरुवात फार चांगली होती, पण मी जे वाचलं ते मला दिसलं नाही, आणि मी दिसलं तेवढंच लिहू शकते. आता पुढच्या वर्षीच्या परीक्षेला परत बसता येईल. साईराज म्हणाला, जुलैचं… आणि थांबला. मॅडम म्हणाल्या, मला वाईट वाटतंय. गाडी गेली.

“तालमीत सगळ्यांना पाठ होतं, आप्पा,” साईराज म्हणाला. तो विचारत होता की सांगत होता, ते कळत नव्हतं.

“न्हवतं,” महादेव म्हणाला. “मी सांगत हुतो. खिडकीतनं. नुसतं ओठांनी.”

“कधीपासनं?”

“पैल्या दिवसापासनं.”

वडिलांनी शिवी खायची तयारी ठेवली होती. एखादी हासडली असती तर दोघांनाही बरं वाटलं असतं.

“मग दीड महिना मी काय बघत होतो?” साईराज म्हणाला.

महादेव म्हणाला, मी पुण्याला फोन करतो, त्यास्नी सांगतो माझी चूक हाय म्हणून. साईराजनं मान हलवली. म्हणाला, त्यांना चूक कुणाची ते नको असतं, आप्पा, कागद पाहिजे असतो.

घरी जत्रेचे पाव्हणे होते. अंगणात पंगत बसली होती, जयाबाई आतनं भाकरी देत होती. साईराज हात धुऊन पंगतीत बसला, आणि महादेवानं रश्श्याचं भांडं घेतलं. अनगोळचे मामा मोठ्यानं म्हणाले, “दाजी, पोरगं पास झालं न्हवं? त्या बाई कशा गप बसून बघत हुत्या, तवाच मी वळखलो.”

महादेवाचा हात वाटीवर थांबला. सगळी पंगत त्याच्याकडं बघत होती. साईराज ताटातली भाकरी मोडत, मान खालीच ठेवून म्हणाला, “झालो, मामा. चांगलं मार्क दिलं.”

“मग घाल की पोराला,” मामा म्हणाले.

महादेवानं वाढलं. साईराजनं पुरे म्हणून हात आडवा धरला, तरी महादेवाला तो हात लवकर दिसला नाही, तो वाढतच राहिला.