चामखिळीचं मीठ

शोधनिबंधाच्या परीक्षकाचा प्रश्न एका ओळीचा होता, पण निशातची पाच वर्षं त्या ओळीत अडकली. ‘हा जिवाणू मूळचा या बोडीतलाच आहे, याला पुरावा काय?’

बोडी म्हणजे कोरपन्याजवळचं छोटं तळं, दर्ग्याच्या पायथ्याशी. उन्हाळ्यात पाणी आटलं की दर्ग्याच्या पायऱ्यांखालच्या चिखलावर पांढरी खपली धरते. त्या चिखलातून निशातनं चंद्रपूरच्या प्रयोगशाळेत एक जिवाणू वाढवला होता. साध्या पाण्यात तो मरायचा आणि लोणच्याच्या खारासारख्या पाण्यात आनंदानं वाढायचा. डिशमध्ये त्याचे केशरी ठिपके उमटत. त्याची जनुकं जगात कुणाशीच पुरती जुळत नव्हती. जात नवी, नावही ठरलेलं: कोरपनेन्सिस. फक्त हा एक प्रश्न आडवा आला होता.

“खोलातला गाळ आण,” वामनराव सर म्हणाले. ते तिचे मार्गदर्शक. “खालच्या जुन्या थरातही तो सापडला, तर तो इथलाच. मग परीक्षकाचं तोंड बंद.”

नेमकं त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीनं बोडीतला गाळ काढायचं ठरवलं होतं. निशात गाळाचा नमुना घ्यायचा पोकळ पाइप घेऊन पोचली तेव्हा जेसीबी काठावर उभाच होता. एकदा त्याचा पंजा फिरला की जुना थर आणि नवा थर, सगळी खिचडी.

“भाऊ, थोडं थांबा ना,” ती ड्रायव्हरला म्हणाली.

लालसू त्याचं नाव. तो पानठेल्याकडे बघत म्हणाला, “खर्रा घोटून येतो तवरिक थांबतो बाई. मंग मले सांगू नका.”

खर्रा घोटायला वेळ तो किती लागणार! निशात गुडघाभर चिखलात उतरली आणि हातोडीनं पाइप ठोकायला लागली. पाइप वीतभर गेला आणि अडला. तळहाताला फोड आला. तिकडे ठेल्यावर लालसूची सुपारी-तंबाखू घोटून होत आली होती. ती दात-ओठ खाऊन ठोकत राहिली. शेवटी पाइप एकदम खाली गेला आणि तिच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात पायऱ्यांवरून बायनाबाई उतरल्या. बौद्धवाड्यातल्या, निशातच्या आईच्या जुन्या ओळखीच्या. पण आज त्यांनी ओळख दाखवली नाही. पदराआडून मूठ काढली, पाण्याकडे भिरकावली आणि मागं न बघता निघून गेल्या. निशातच्या पायाशी खडेमीठ पडलं.

तिचा हात हातोडीवर तसाच राहिला.

चामखीळ! बोडीत मूठभर मीठ टाकायचं, मागं वळायचं नाही आणि कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की चामखीळ परत येते. लहानपणी तिच्या अंगठ्यावर चामखीळ होती, तेव्हा अम्मीनं तिलाही इथंच उभं केलं होतं. कुणी कधी बोलायचंच नाही, म्हणून तीही विसरून गेली होती. पांढऱ्या खपलीला जमिनीचा क्षार म्हणत तिनं पाच वर्षं पानंच्या पानं भरली. स्वतःच्या गावात राहून एवढं कसं सुचलं नाही? तिला स्वतःच्या अकलेची कीव आली.

मिठासोबत तर आला नसेल तो? समुद्राच्या मिठात असे जीव निजून असतात, हे तिला पाठ होतं. सरांना या मिठाचा पत्ता नव्हता आणि परीक्षकाला तर नव्हताच. गप्प बसलं असतं तर कोण विचारणार होतं?

तिनं पाइप उपसला आणि सरळ अब्बांच्या दुकानात गेली. सादिकभाईंचं किराणा दुकान पायऱ्यांना लागूनच होतं. गल्ल्यावर बसले की ते पोरीशीही गिऱ्हाइकासारखं मराठीच बोलत.

“अब्बा, दर्ग्यावरचे लोक मीठ कुठलं नेतात?”

“इथलंच. तुह्या पणजापासून आपल्याच पोत्यातलं.” ते थबकले. “काऊन? असं इचारत नसते पोरी.”

तिनं पोत्यात चमचा घातला.

प्रयोगशाळेत तीन डिश ठेवल्या: वरचा चिखल, खोलचा गाळ आणि पोत्यातलं मीठ. मिठाची डिश कोरीच राहू दे, असं ती रोज मनात म्हणे आणि रोज कपाट उघडे. आधी वरच्या चिखलात ठिपके आले. खोलचा गाळ कोरा तो कोराच. आणि एका सकाळी मिठाच्या डिशमध्ये केशरी ठिपका दिसला. तिनं त्याची जनुकं तपासून आणली. तोच होता.

सरांनी डिश उजेडाकडे धरली आणि त्यांचा चेहरा उतरला.

“मीठ तपासायला तुला सांगितलं कुणी? दुधात मिठाचा खडा टाकलास. ही डिश फेकून दे. खोलचा गाळ मिळाला नाही म्हणून कळव, जेसीबी फिरला म्हणावं.”

“आणि बोडीतलाच म्हणून छापायचं?”

“मग काय छापणार आहेस? किराणा दुकानातला?”

ती बाहेर आली आणि अब्बांना फोन लावला. बोलता बोलता तिला रडूच फुटलं. “अब्बा, तो इथला नाई. आपल्या मिठातून आला. बाहेरचा हाय.”

पलीकडे तराजूचा आवाज थांबला.

“आन आता राह्यते कुठी?”

“बोडीतच. पिढ्यान्‌पिढ्या.”

“मंग? माहा आजाबी बैलगाडीतून आला आदिलाबादकडून. मलेबी लोकं इचारतात, मूळचे कुठले म्हून. मी खोटं सांगत नाई. आलो तिकडून, हावो कोरपन्याचा. तसंच लिव.”

“परत पाठवतील अब्बा. पाच वर्षं पाण्यात जातीन.”

“जातीन तं जातीन. खाल्ल्या मिठाले जागाव लागते माणसानं.” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “पण ते चामखिळीचं लिवू नको बापा. बायाईच्या परत येतीन.”

रडता रडता तिला हसू आलं.

सरांसमोर बसूनच तिनं उत्तर लिहिलं. जिवाणू समुद्राच्या मिठातून आला आणि बोडीत वसला, हे लिहिलं. सरांनी ते दोनदा वाचलं. “पाठव,” ते शेवटी म्हणाले, “परत आलं तर माझ्याकडे रडत यायचं नाही.” बोडीत मीठ आलं कसं, तेवढंच लिहायचं राहिलं होतं. त्याशिवाय पुरावा पुरा होत नव्हता. निशातनं क्षणभर डोळे मिटले आणि लिहिलं: ‘चामखीळ जावी म्हणून गावातले लोक या पायऱ्यांवरून खडेमीठ टाकतात. मीही टाकलं आहे.’

उत्तर गेलं. दुपारभर ती नव्या डिश धूत होती आणि दर थोड्या वेळानं हातमोजा काढून अंगठा बघत होती.