भिंतीपलीकडून येणारी खरखर

दादा गेला त्याला वर्ष होत आलं, पण त्याचा कॉम्प्युटर अजून चालूच आहे. पासवर्ड कुणालाच माहीत नाही. एकदा बंद झाला की पुन्हा उघडणार नाही, म्हणून आईचा हुकूम, बंद करायचा नाही. लाइट गेली तरी टेबलाखालची बॅटरी त्याला तगवते. वाद घालून घालून मी दादाची खोली मिळवली, पण कॉम्प्युटरसकट.

बाबांनी तेव्हापासून त्यांच्या लाडक्या स्टिरिओला हात लावला नव्हता. एका रविवारी आईनेच तो लावला. घरात जरा गाणं वाजू दे, म्हणाली. सीडी संपली आणि शांततेत स्पीकरमधून डासासारखी बारीक सूं ऐकू आली. मग खर्र, खर्र.

आई मागे सरकली. "आतून कुणीतरी नखांनी खरवडतंय गं."

"भूतबित काही नाही, दादा असताना यायचा तोच आवाज. स्पीकरच्या आणि कॉम्प्युटरच्या वायरी भिंतीमागे एकमेकींच्या गळ्यात गळे घालून बसल्यात. कॉम्प्युटर काही करायला लागला की इथे ऐकू येतं. थांब, दाखवते."

"झाला आमचा भोंगा सुरू," आई म्हणाली.

मी धावत खोलीत गेले आणि माउस गदागदा हलवला. बाहेर खरखर उठली. हात थांबवला, तीही थांबली. "पटलं का?" मी ओरडले. बाहेर येऊन बघते तर बाबा स्पीकरसमोर जमिनीवर बसलेले, त्याच्या जाळीवर तळहात ठेवून.

"पुन्हा हलव," ते म्हणाले.

या आवाजावरून बाबांची आणि दादाची रोज जुंपायची. 'डोक्याला ताप आहे तुझा तो डबा,' असं बाबा म्हणायचे. मला वाटायचं, त्यांना तो आवाज सहन होत नाही. पण ते इतकी वर्षं तो मन लावून ऐकत होते.

"गेम खेळताना तुटक यायचा," ते म्हणाले. "आणि काही सुचेनासं झालं की माउस नुसता गोल गोल फिरवायचा. फिरव बघू."

मी फिरवला.

"एवढ्या घाईत नाही. तो आळशी होता."

मी हसले. भिंतीपलीकडे कुणी हसलं नाही.

मग ते रोजचंच झालं. शाळेतून ढीगभर गप्पा घेऊन मी घरात शिरायचे, आणि बाबा आवाज पूर्ण मोठा करून, गाणं न लावता बसलेले असायचे. "जा," एवढंच म्हणायचे. मी जायचे. आळसावलेली गोल गोल वर्तुळं काढायचे, की भिंत श्वास घ्यायला लागायची. हळूहळू मला ते इतकं जमायला लागलं की हात माझा आहे असं वाटेना. एकदा आई दारात येऊन थबकली. "पाठमोरी अगदी..." एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

एका रात्री जेवताना बाबा आईला म्हणाले, "आज बराच वेळ बसला होता तो."

आईने माझ्याकडे पाहिलं. बाबांनी मला शेवटचं काही विचारलं होतं, ते कधी, हे मला आठवेना.

दुसऱ्या दिवशी मी त्या खुर्चीत बसले आणि माउसला हातच लावला नाही. नवं पान उघडलं आणि टाइप करायला लागले, माझ्या पद्धतीने, कळा बडवत. बाहेर पत्र्यावर खडे पडावेत तशी तडतड सुरू झाली.

"हे काय?" बाबांचा आवाज आला. "हा तो नाही."

"मी आहे, बाबा."

मग नुसती तडतड. त्यांच्याजवळ उरलेलं एवढंसंही मी हिसकावून घेतलं, असं वाटलं. तरी बोटं थांबवली नाहीत.

पावलं आली. दादा गेल्यापासून या खोलीत पाऊल न टाकलेले बाबा दारात उभे राहिले. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, मग बारीक अक्षर वाचावं तसं माझ्याकडे.

"काय लिहितेस एवढं बडवून?"

"आज शाळेत काय काय झालं ते."

ते पलंगाच्या कडेवर टेकले. "सांग मग."

मी सांगायला लागले, पण बोटं चालूच ठेवली. थांबले तर ते उठून परत तिकडे जातील, अशी भीती होती. बाहेरच्या रिकाम्या खोलीत स्टिरिओ पूर्ण मोठा होता, आणि तिथे कुणीही नसताना माझी बोटं वाजत होती.