मुंबईवाल्याची अक्षरं

दोन हजार दोन साली नारायणगावच्या पेठेत कन्हैयालाल शेठच्या कापडदुकानावर नवा बोर्ड चढला आणि जीपमधून उतरणारी माणसं खरेदी विसरून त्याच्याकडेच बघत राहिली. अक्षरांवर शिरोरेघ नव्हती. सगळ्या रेघा एकाच जाडीच्या, गोल भाग कंपासनं काढलेले, कोपरे तिरके छाटलेले. कापडाचं नव्हे, अवकाशयानांचं दुकान वाटावं असा थाट होता.

ही अक्षरं शेठच्या मुलीनं, चेतनानं काढली होती. उन्हाळाभर ग्राफपेपरवर मान मोडून. 'न्है' काही केल्या वळेना, तेव्हा खोडून खोडून तिनं कागदाला भोकं पाडली होती. जुन्नरच्या बोर्डवाल्या तन्वीरनं तिच्या कागदावरूनच ॲक्रिलिक कापलं. आणि शेठ येणाऱ्याजाणाऱ्याला काय सांगत? "मुंबईच्या माणसाकडून करून आणलं."

का, तर पोरीनं काढलं म्हटलं की लोक हसतात आणि मुंबईचं म्हटलं की थांबून बघतात. चेतना घरात भांडली, तर आई म्हणाली, "दुकान आपलंच आहे ना? मग काय बिघडलं?" काय बिघडलं म्हणे! चेतनाला अशाच अक्षरांचं स्वतःचं काम सुरू करायचं होतं. गिऱ्हाइकं त्या न जन्मलेल्या मुंबईवाल्याला शोधत बसली, तर तिच्याकडे येणार कोण?

एके दिवशी पिंपळवंडीचे बागायतदार गेणभाऊ आले. "शेठ, आमच्या द्राक्षांच्या पेट्यांवर आसलीच अक्षरं पायजेत. लई भारी हायेत. त्या मुंबईवाल्याला सांगा."

"सांगतो की," शेठ म्हणाले.

चेतना चहाचे रिकामे कप न्यायला आली होती. तिचं डोकंच फिरलं. "काका, मुंबईवाला कोणी नाही. बोर्ड मी काढलाय."

"पोरगी थट्टेखोर हाय राव," गेणभाऊ हसले. शेठही हसले.

बापानंही हसावं, हे तिला सोसलं नाही. तिनं साडीच्या खोक्याचं झाकण ओढलं, रिकामा कप उपडा ठेवून गोल काढले, पट्टीनं रेघा मारल्या आणि दोघांच्या डोळ्यांदेखत 'गेणभाऊ' उभं केलं.

गेणभाऊंनी झाकण लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं. खूश झाले. मग ते शेठच्या हाती देत म्हणाले, "झ्याक जमलंय. फकस्त एकदा मुंबईवाल्याला दाखवून घ्या, बराबर हाय का न्हाई."

"दाखवतो," शेठ म्हणाले.

चेतनानं बापाच्या हातातून झाकण काढून घेतलं. "पेट्यांचं कामही त्यालाच सांगा, पप्पा. मी हात लावणार नाही."

द्राक्षांचा हंगाम तोंडावर आला. गेणभाऊ दर बाजारी चौकशीला येत आणि शेठ सांगत, मुंबईवाला पुढच्या आठवड्यात नक्की येतोय. चेतना शेजारीच बसून ऐकत असे. बापानं 'हिनंच काढलंय' एवढं म्हटलं असतं, तर तिनं त्याच दिवशी पेट्यांचं काम हाती घेतलं असतं. तेवढं मात्र शेठच्या तोंडून शेवटपर्यंत निघालं नाही.