तेव्हाही ऐंशी, आताही ऐंशी

धाकटी जाऊ दवाखान्यातल्या खुर्चीवर अशी ठाण मांडून बसली होती, की हलवायला चार माणसं लागली असती. शेजारी थोरली, हात मांडीवर ठेवून, परक्या घरी आल्यासारखी. टेबलापलीकडे प्रश्न विचारणारी बाई.

थोरलीच्या बोटांचे सांधे पार आखडले होते. महागडं इंजेक्शन सुरू झालं आणि बोटं पुन्हा वळायला लागली. पण ते पुढे द्यायचं की नाही, हे त्याने जगणं किती सुधारलं यावर ठरणार होतं. म्हणून सुरू करण्याआधी एकदा विचारलं होतं, आज पुन्हा विचारलं: जगण्याला शंभरपैकी किती गुण? शंभर म्हणजे ठणठणीत, शून्य म्हणजे मरण.

"तेव्हाही ऐंशी, आताही ऐंशी," बाई म्हणाली. "फरकच नाही. असं असेल तर इंजेक्शन बंद होईल."

"तेव्हा कसले ऐंशी?" धाकटी कडाडली. "जाऊबाई, काय सांगितलं होतंत तुम्ही?"

"बरं आहे म्हटलं. कुणी कशी आहेस विचारलं तर काय रडगाणं गायचं?"

झालं! या बाईसाहेबांचं दात ठणकला तरी बरं, ताप चढला तरी बरं. आणि त्या 'बरं'ला कुणीतरी ऐंशीचं लेबल लावून मोकळं झालं होतं.

"मी सांगते, लिहा. गुंड्या मी लावत होते, घास मी भरवत होते."

"तुमचं चालणार नाही. मागचं आठवून आज नव्याने सांगता येतं, पण ते यांनीच सांगायला हवं."

धाकटीने खुर्ची थोरलीकडे वळवली. लग्न होऊन आल्यापासून दोघींचं भांड्याला भांडं लागत आलं होतं. "सांगा. माझी भीड धरू नका."

"तुझ्यासमोर कसं सांगू? तू एवढं करत होतीस. माझे हाल सांगायचे म्हणजे तुझ्यात खोट काढल्यासारखं."

"काढा की! जन्मभर काढलीत, आजच जीभ कुठे गेली?"

थोरलीला हसू आलं. मग ते ओसरलं. "शून्याच्या खाली लिहिता येतं का हो?"

बाईने मान वर केली. "येतं."

"मग खाली लिहा. ही ताट घेऊन जिना चढायची ना, पावलं ऐकू यायची. वाटायचं, ही वर पोचायच्या आत डोळे मिटावेत."

धाकटीने मनात तेव्हाचे चाळीस धरले होते. चाळीसने काम भागलं असतं. आणि अन्न निवू नये म्हणून ती तो जिना रोज धावत चढत होती.

"आणि आज?" बाईने विचारलं.

"आज ऐंशीच. हे मात्र खरे."

धाकटीचे डोळे भरले. भांडायचं होतं, बिलगायचंही होतं. पण आधी काम.

"लिहा," ती बाईला म्हणाली. "त्या बोलल्या तसंच लिहा."