दगडावरचे चौदा

"पुरावा काय?" बबनरावांनी विचारलं.

दौंडहून आलेल्या सोजराबाई ग्रामपंचायतीच्या कचेरीत उभ्याच होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला कुणी बसा म्हटलं नव्हतं. पंख्याखाली तीन खुर्च्या रिकाम्या होत्या.

"माझा आजा लढाईला गेलता. मी त्येच्या तोंडनं ऐकलंय, ह्यो पुरावा."

"तसं तोंडी चालत न्हाई, मावशी. उद्या कुणीबी यील आन् म्हनंल, माझाबी आजा गेलता."

"मग तुमच्या यादीतल्या चौदांचे कागद दावा की."

बबनराव हसले. "तुमचं तोंड काय दौंडात घासून आणलंय व्हय?"

जुन्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी होती. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने गावोगाव बसवलेली. या गावातून चौदा माणसे युद्धावर गेली, पैकी दोन मरण पावली, एवढंच तिच्यावर कोरलेलं. नावं नाहीत. शंभर वर्षांत ती कुणाला हवीही झाली नव्हती. आता चावडी पाडून तिथे स्मारक होत होतं आणि काळ्या ग्रॅनाइटवर चौदा नावं कोरायची होती. पंधरा ऑगस्टला अनावरण. समितीने जुन्या माणसांना विचारून अकरा नावं जमवली. तीन कमी पडली. ती तीन तेव्हाच्या महारवाड्यातली, हे माहीत असणारे गावात एक-दोघेच उरले होते आणि ते बोलले नाहीत. मग समितीने आपल्यातली तीन घराणी निवडली आणि त्यांच्या पणजोबांना परस्पर युद्धावर पाठवून दिलं. त्यातला एक पणजोबा म्हणजे त्या वेळचा गावचा पाटील. गावचे सरपंच आणि समितीचे अध्यक्ष बबनराव हे त्याचेच पणतू.

"चौदा भरल्यात," बबनराव म्हणाले. "आकडा सरकारचा हाय. पंधरावा मी कुठं बसवू?"

"पंधरावा न्हवंच. आमचे तिघं चौदातले हायेत. तुमचे तिघं भाईरचे."

बबनरावांचं हसू मावळलं. "पुरावा आणा, मग बघू," एवढं बोलून त्यांनी फोन कानाला लावला.

एस.टी.च्या थांब्यावर गेणबा भेटला. मेंढरं विकून दोन पिढ्या झाल्या तरी त्याच्या खांद्यावर घोंगडी होतीच. त्याचा आजा त्या अकरांतला, खराखुरा.

"सोजरा, तुझा आजा गेलता," तो इकडेतिकडे बघत म्हणाला. "माझा बा सांगायचा. राघू, सटवा आन् धोंडू. एकाच दिवशी गेलते."

"मग आत येऊन सांग की बबनरावाला."

"नातवाचं घरकुल मंजूर व्हायचंय गं. त्येची सही लागती."

"तुझ्या आज्यानं बंदूक धरली, गेणबा. तुला साधं तोंड उघडवंना."

गेणबाने घोंगडी सावरली. गाडी आली.

सोजराबाईंनी एकतीस वर्षं दौंडला रेल्वेच्या रनिंग रूममध्ये काम केलं. लांबून गाडी घेऊन आलेले ड्रायव्हर तिथे झोपतात. त्यांच्या गाद्या घालायच्या, जेवण वाढायचं आणि वेळ झाली की उठवायचं. झोपेतला ड्रायव्हर कुणालाही शिव्या देतो. सोजराबाई त्या ऐकून घेत आणि मग पांघरूण ओढत. "शिव्या गाडीत द्या, सायेब. सिग्नल पडलाय." त्यांच्या पाळीत एकही गाडी ड्रायव्हरपायी रखडली नाही. निवृत्तीच्या दिवशी त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते त्यांनी शेजारणीला देऊन टाकलं.

आज्याची गोष्ट त्यांना पाठ होती. राघू सतरा साली पलटणीत भरती झाला तेव्हा गावाने तिघांना वेशीपर्यंत वाजतगाजत सोडलं. माणसं पाठवली की सरकारदरबारी गावाची पत वाढत होती. राघू वायव्य सरहद्दीवर राहिला, बंदूक शिकला, अक्षरं शिकला, पायात बूट घालायला शिकला. मागे गावात मानमोडीच्या तापाच्या साथीत त्याची आई आणि भाऊ गेले. ज्वारी इतकी महागली की लोक गवताचं बी दळून खात होते. एकवीस साली सरकारने पलटणच मोडली. लढाई संपली होती, गरज संपली होती. तिघं घरी आले आणि चौथ्या दिवशी पाटलाकडून निरोप आला, बैल मेलाय, ओढायला या.

ते गेले नाहीत.

बैल तीन दिवस तसाच पडून राहिला. त्यानंतर गावाने तिघांची घरं वाळीत टाकली. दुकानात मीठ मिळेना, शेतात काम मिळेना, पाणवठ्याच्या वाटेवर काट्या पडल्या. बायका भीमेच्या वाळूत झिरे खणून पाणी भरत. अखेर राघू बायकोला घेऊन दौंडला चालत गेला आणि रेल्वेच्या गँगमध्ये रूळ उचलू लागला. सटवा आणि धोंडू कुठे गेले ते कुणालाच कळलं नाही. त्यांच्या वतीने बोलणारं आता जगात कुणी नव्हतं. सोजराबाई होत्या, म्हणून तिघांची नावं अजून कुणाच्या तरी तोंडी उघडपणे होती.

कागद रश्मीने शोधला. रश्मी त्यांची नात, पुण्यात एका शाळेत कंत्राटी शिक्षिका. शिरूरला तालुक्याच्या कचेरीत चार फेऱ्या झाल्या, तिथे इतकं जुनं काही नव्हतं. मग पुण्याच्या दप्तरखान्यात सुट्टीचे अकरा दिवस गेले. सापडलं ते पलटणीचं कागदपत्र नव्हतं. तो गावाचाच अर्ज निघाला, मामलेदाराला लिहिलेला, मोडीत. रश्मीने एका जाणकाराकडून तो बाळबोधीत उतरवून घेतला आणि अस्सलाच्या नकलेसह बबनरावांच्या हातात दिला. बबनरावांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं आणि घडी घातली.

दोन दिवसांनी ते स्वतः गाडी घेऊन दौंडला आले. सोजराबाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

"तिघांची नावं घालतो," बबनराव म्हणाले. "आमची तिन्ही काढतो. दगड नवा आणावा लागंल, त्यो माझ्याकडं लागला. पर ह्यो कागद भाईर येता कामा नये. ह्यात माझ्या पणज्याचा अंगठा हाय."

"आन् त्यानंच लिवून दिलंय, की लढाईच्या सालात आम्ही गाव सोडून कुटं गेलो न्हाई."

"म्हणून तर म्हणतोय. मावशी, शंभर वर्सं झाली. ज्यांनी अंगठं दिलं ते मेलं. मेलेल्यांचं कशाला उकरायचं?"

"तुम्ही मेलेल्यांचीच नावं लिवताय की, बबनराव."

रश्मी मध्ये पडली. "आजी, नाव लागतंय ना? त्यासाठीच चाललं होतं सगळं. घे की."

सोजराबाई तिच्याकडे वळल्या. बबनरावांवर चढला नव्हता इतका आवाज त्यांनी नातीवर चढवला.

"काय घे? गेले त्ये लिवायचं आन् आल्यावर काय झालं त्ये झाकायचं? सरहद्दीवर त्येला कुणी मारलं न्हाई गं. गोळी न्हाई लागली, थंडीनं न्हाई गेला. हितं गावात त्येच्या बायकोला वाळू उकरून पाणी प्यावं लागलं. त्या दगडावर नाव लागलं की पोरं म्हणतील, बघा, गावानं कसा मान दिला. खोटा मान हाय त्यो. नगं मला."

"मग नाव ऱ्हाऊन जाईल," बबनराव उठत म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या."

ते गेल्यावर सोजराबाईंनी पाण्याचा पेला उचलला. आत जाताना त्या म्हणाल्या, "सटवा आन् धोंडूला मी न इचारता न्हाई म्हणले. त्येंना नाव हवं असतं तर?"

पंधरा ऑगस्टला मंडप भरला होता. झेंडा झाला, ग्रॅनाइटवरचा पडदा दूर झाला. चौदा नावं होती, तीच चौदा. सैनिकांच्या वारसांना एकेक करून शाल मिळाली. गेणबालाही मिळाली. बबनरावांनी पणजोबाच्या नावाची शाल घेतली तेव्हा टाळ्या जास्त पडल्या.

आभार सुरू होण्याआधी सोजराबाई उठल्या आणि रश्मीचा हात धरून माइकपाशी गेल्या. "ह्या गावाचा येक कागद हाय," त्या म्हणाल्या. "गावानंच लिवलेला. गावानं ऐकावा. वाच गं."

रश्मीने दोन ओळी वाचल्या आणि माइक बंद पडला. बंद केला गेला, हे सगळ्यांना दिसलं.

"तशीच वाच."

रश्मी वाचत राहिली. मौजे मजकूरचे महार नामे राघू, सटवा व धोंडू हे तिघे पलटणीत लढाईवर जाऊन आले. ते दिवसापासून मेली गुरे ओढीत नाहीत. गावराखणीची येसकरपाळी करीत नाहीत. पाटलास पाहून बसलेल्या जागेवरून उठत नाहीत. आम्ही लढाईचे सालात गाव सोडून कोठे गेलो नाही, सरकारचे फंडास वर्गणी दिली...

पुढच्या रांगेतले उठले. मग मागचे. "जेवणं वाढलीत, चला," कुणीतरी ओरडलं. एक बाई लेकराला घेऊन उभी राहिली, थोडं ऐकलं आणि नवऱ्याने हाक मारल्यावर गेली. मंडपवाल्याने खुर्च्या एकात एक घालायला सुरुवात केली. त्या खडखडाटात रश्मीचा आवाज बुडू लागला. गेणबा तेवढा बसून होता. नवी शाल त्याने घडीसकट मांडीवर ठेवली होती.

"आजी, थांबू का? कुणी राहिलं नाही."

"तिघांचं हाय. शेवटापत्तूर वाच."

रश्मीने दुसरं पान वर घेतलं. "सदर तिघे इसम लढाईवरून आलेपासून गावातून मान वर करून चालतात. त्यामुळे बाकीचे महारही बिघडतील. सबब हुजुरांनी बंदोबस्त करावा." खाली नऊ अंगठे होते. तिने नऊही नावं वाचली.

खुर्च्यांचा आवाज थांबला होता. मंडपवाला हातातली खुर्ची तशीच धरून उभा होता.

"ती मान वर करून चालण्याची ओळ," सोजराबाई म्हणाल्या, "परत वाच."

रश्मीने ती पुन्हा वाचली, मघापेक्षा मोठ्याने.