साक्षीदाराचा रकाना

...फेस अजून बसला नव्हता. बर्फात रुतवलेल्या बाटलीत ते गढूळ पाणी, आणि त्याच्यावर बोटभर पांढरा फेस – फेस आला म्हणजे पाणी खरोखर फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाऊन आलं, नमुना चांगला – हे गेल्या दोन वर्षांत ती एकोणचाळीस वेळा स्वतःशी म्हणाली होती आणि दर वेळी जराशी खूश झाली होती. आज चाळिसावी बाटली. कौसरने झाकण पुन्हा एकदा फिरवलं, लेबल वाचलं – नमुना ४०, पुरुष, वय ६१, जिनिंग, धूम्रपान नाही – आणि बाटलीकडे पाठ केली. पण खामगावच्या त्या दवाखान्यामागची खोलीच एवढीशी, की पाठ केली तरी समोर त्या चाळिसाव्या माणसाची फाइल होतीच.

फाइल म्हणजे दोरीने बांधलेला पुठ्ठा, कापडदुकानाच्या पिशवीत घातलेला. सकाळी इंद्रभान तो छातीशी धरून आला होता – गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा पांढरा सदरा, गळ्यात माळ. टेबलावर आडवं केलं तरी पुठ्ठा सोडेना, नर्स वैतागली, शेवटी म्हणाला, म्याडमपाशी देतो. मग घसा बधिर करायचं औषध मारलं, नाकातून दुर्बीण आत गेली, मिठाचं पाणी सोडलं, ओढलं, पुन्हा सोडलं, आणि तो सगळा वेळ तिच्या हातातल्या पुठ्ठ्याकडे बघत राहिला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण नजर हलली नाही. त्याच्या हिशेबाने आज त्याची पेशी होती.

तिने काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. बाटली चारच्या गाडीने पुण्याला जायची. त्याआधी इथे एक थेंब रंगवून चारशे पेशी मोजायच्या, कुठल्या जातीच्या किती, एवढं तिचं काम. धूळ गिळणाऱ्या मोठ्या पेशी, जुन्या शत्रूची ओळख ठेवणाऱ्या लहान गोल पेशी, आणि जखम दिसली की धावत येणाऱ्या, तुकड्या-तुकड्यांच्या केंद्रकाच्या पेशी. सरकी आणि रुईच्या धुळीत तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या छातीत यांची वस्ती कशी बदलते, हे पुण्याच्या अर्पिता मॅडमना शोधायचं होतं. तेही बिडी न ओढणाऱ्या माणसाच्या छातीत – आणि बिडी न ओढणारा जिनिंगचा जुना कामगार खामगावात शोधायचा म्हणजे... दोन वर्षांत सात मिळाले होते. इंद्रभान आठवा. मॅडमचा निरोप आला होता, हा हातचा जाऊ देऊ नका.

नाही जाऊ दिला. शाबास कौसर.

काऊंटरची कळ टकटक वाजत होती. मोठी, मोठी, धावून येणारी, मोठी... पंधरा दिवसांपूर्वी त्याच्या घरी ती चटईवर बसून संमतीपत्र वाचून दाखवत होती, 'तुमच्या फुफ्फुसातील पेशींचा', आणि तो एकदम ताठ झाला. आतल्या खोलीकडे वळून त्याने बायकोला हाक मारली. शालूबाई चहाचं भांडं तसंच हातात घेऊन दारात आली.

"पेशी लागली म्हणते," तो म्हणाला. "अकरा वर्षं झाले. आता लागली."

अकरा वर्षांपूर्वी जिनिंगवाल्याने त्याला घरी बसवलं होतं. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी कामावर गेलं की छाती आवळायची, मग ती रोजच आवळायला लागली, आणि मालक म्हणाला, हा जन्माचा दमेकरी, धुळीचा काय संबंध. तेवढं एक वाक्य खोटं ठरावं म्हणून त्याने दावा लावला होता. बाकी काही नको, असं त्याने कौसरला दोनदा सांगितलं. धुळीनं झालं, एवढं कोणीतरी लेहून द्यावं.

आणि तिला त्याच क्षणी समजलं होतं. अर्पिता मॅडमना समजलं नसतं, पुण्यात पेशी म्हणजे पेशीच. पण देऊळघाटच्या गुलाम रसूलच्या पोरीला न समजून कसं चालेल? आमच्या घरात पेशी म्हणजे कोर्टाची तारीख – अम्मीने आदल्या दिवशी काढलेली अब्बांची पांढरी कमीज, सकाळची बुलढाण्याची एसटी, आणि संध्याकाळी अब्बांचा चेहरा, ज्याच्याकडे बघून कोणी काही विचारायचं नाही. बांधाचा दावा होता. पेशी लागत राहिली, पुढे जात राहिली, आणि निकाल लागायच्या आधी अब्बाच गेले. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात तो शब्द पहिल्यांदा दिसला तेव्हा मी हसले होते, घरी जाऊन सांगितलंही होतं, की अब्बा, प्रत्येकाच्या अंगात लाखो पेशी असतात. अब्बा म्हणाले होते, मग सगळेच मेले म्हणायचे.

हे सगळं तिला त्या चटईवर बसल्या बसल्या आठवलं होतं. तोंड उघडलंही होतं. आणि त्या उघडलेल्या तोंडातून काय निघालं – "हो काका, पेशींचाच अभ्यास आहे." एक अक्षर खोटं नाही. सातवं कलम तिने भरभर वाचलं: निष्कर्ष सहभागीला कळवले जाणार नाहीत व कोणत्याही दाव्यात वापरता येणार नाहीत. मान खाली घालून वाचलं, जशी नमाजात घालतात तशी, आणि आता ते आठवून तिला स्वतःची किळस आली.

पुढे त्याने अंगठा उमटवला. साक्षीदाराच्या रकान्यापाशी तिने शालूबाईंना बोलावलं, तर त्याने हात आडवा धरला. घरचा साक्षीदार कोर्टात टिकत नाही म्हणाला, तुमीच करा. नियमाने तिला सही करता येत नव्हती. तिने केली. कौसर गुलाम रसूल, मराठीत, ठळक.

...दोनशे दहा. दोनशे अकरा. मोठ्या पेशी होत्या, पण अशा तिने एकोणचाळीस नमुन्यांत पाहिल्या नव्हत्या – काठोकाठ काळ्या, पोटात धूळ, जिरत नाही आणि टाकवतही नाही अशी. आणि त्यांच्याभोवती धावून आलेल्यांची गर्दी, अकरा वर्षं धुळीत पाऊल न टाकताही. जन्माचा दमेकरी म्हणे! हे तर सगळं इथे लिहिलेलंच होतं. कोणालाही दाखवता आलं असतं. कोणालाच दाखवायचं नव्हतं. दोनशे बारा.

ती उठली. पुठ्ठा घेऊन वॉर्डात गेली.

इंद्रभान खाटेवर टेकून बसला होता. घशाचा बधिरपणा उतरेपर्यंत दोन तास पाणी द्यायचं नव्हतं, आणि शालूबाई पदराच्या टोकाने त्याचे ओठ ओले करत होती. कौसरला बघून ती सरकली, जागा केली, आणि हळूच विचारलं, "पुढची पेशी कवा हाय, म्याडम?"

सांगायचं. आत्ता सांगायचं. कौसर खाटेच्या कडेवर बसली. पुठ्ठ्याची दोरी सैल झाली होती, आणि अकरा वर्षांच्या कागदांच्या सगळ्यात वर, प्लॅस्टिकमध्ये घालून, संमतीपत्राची प्रत होती. कुणाकडून तरी त्याने तिच्या सहीभोवती लाल गोल करून घेतला होता.

"काका," ती म्हणाली, "हे कोर्टाचं नव्हतं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. बधिर घशातून शब्द जड आला.

"दवाखाना हाय हा. दिसते ना मले." थांबला, श्वास गोळा केला. "अकरा वर्षांत आत कोनी पाह्यलं नाही. आज पाह्यलं ना तुमी?"

"पाहिलं."

"मंग झालं. तुमी सांगसान तिथं, कोर्टात."

शालूबाईने मान हलवली. दोघांनाही त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नव्हतं. सातवं कलम तिच्या घशाशी आलं होतं, वाक्य तयार होतं, चार शब्दांचं – नाही सांगता येणार, काका – आणि ती ते चार शब्द तसेच घेऊन उठली. दारापाशी मागून त्याचा खोकला ऐकू आला, तेव्हा तिला लाज वाटली, आणि त्याहून वाईट म्हणजे सुटल्यासारखंही वाटलं.

खोलीत फेस बसला होता. बाटलीतलं पाणी आता नुसतं पाणी दिसत होतं. टेबलाच्या खणात सहभाग मागे घेण्याचा कोरा फॉर्म होता. त्यावर त्याचा अंगठा घ्यायचा म्हणजे आधी सगळं उलगडून सांगायचं, मग बाटली बेसिनमध्ये ओतायची, काचपट्टी फोडायची – आणि मग खरोखरच कोणी आत पाहिलेलं नाही. त्याने नाकातून ती नळी सोसली ती फुकट. आणि न सांगावं, तर चारच्या गाडीने तो नमुना ४० होऊन जायचा, तिकडे मॅडम म्हणणार, अप्रतिम, आणि इकडे शालूबाई सदरा धुऊन, इस्त्री करून ठेवणार, पुढच्या वेळेसाठी. अम्मी ठेवायची तसा.

बाहेर गाडी येऊन थांबली. ड्रायव्हरने एकदा हॉर्न दिला, मग इंजिन बंद केलं. त्याला घाई नसावी. कौसरने खण उघडला, फॉर्म काढला, काचपट्टीशेजारी ठेवला. पेन सापडेना. सापडलं. मॅडमची भीती तिने शोधून पाहिली, नोकरीची पाहिली, दोन्ही कुठे गेल्या होत्या कळेना. तिथे फक्त एक उंच टेबल होतं, बुलढाण्याच्या कोर्टात एकदा अब्बांबरोबर गेलेली तेव्हा पाहिलेलं, आणि कोणीतरी तिला विचारत होतं, काय पाहिलं. आजपर्यंत हे तिला कोणी विचारलं नव्हतं. विचारावं असं तिला वाटत होतं.

तिने डोळा पुन्हा भिंगाला लावला. फॉर्म कोरा, काऊंटरवर दोनशे बारा. बोट कळीवर होतं, तसंच राहिलं. काचपट्टी केसभर सरकवली आणि पुढची पेशी समोर आली, काठोकाठ काळी. मी त्या पेशीकडे बघत राहिले.