डावीकडचा फाटा

डॉक्टर चिनाराने सोनोग्राफीचा प्रोब म्हाताऱ्याच्या मानेवर टेकवला आणि डोळे चोळून पडद्याकडे पाहिलं. किर्गिझस्तानातल्या नारीन गावच्या दवाखान्यातला आजचा हा एकतिसावा, शेवटचा पेशंट.

"दिसली का मेंढीची चरबी?" त्याच्या मुलीने, बुरुलने, खुर्चीतूनच विचारलं. बाहीला अजून पीठ होतं. "आई गेल्यापासून सहा वर्षं पथ्य सांभाळतेय यांचं. पहाटे उठून विकायचे नान भाजायचे, मग यांचं वेगळं रांधायचं. आणि हे लग्नात जाऊन शेपटीची चरबी चापतात!"

"पुढ्यात ठेवल्यावर नाही म्हणणं बरं दिसतं का?" म्हातारा कालबेक आढ्याकडे बघत म्हणाला.

मानेतल्या धमनीला जिथे दोन फाटे फुटतात, तिथे डाव्या बाजूला थर साचला होता. उजवीकडे काहीच नव्हतं. चिनाराने तसं सांगितलं.

"म्हणजे चरबी मी डाव्याच बाजूने गिळली?"

चिनाराला हसू आलं. "आजोबा, डावीकडचा फाटा मुळातच जास्त फाकलेला आहे. तिथे कडेचं रक्त रेंगाळतं, उलटं फिरतं, म्हणून थर धरतो. पण चरबी माफ नाही आणि सिगारेट तर मुळीच नाही. गोळ्या लिहून देते."

"ऐकलंस? निम्माच गुन्हा माझा!"

बुरुल हसली नाही. "मग मी एवढं केलं, ते कशाला?"

"तुम्ही केलंत म्हणून उजवी बाजू शाबूत आहे." हे कितपत खरं, चिनाराला सांगता आलं नसतं.

सदऱ्याची बटणं लावता लावता कालबेक थांबला. "ही ठेवण पोरांत उतरते?"

"कधी कधी."

"मग हिची बघा."

"मला कुठे वेळ आहे, बाबा?"

"सहा वर्षं माझी मानगूट धरलीस. आज तुझी दाखव."

ती कुरकुरत आडवी झाली. पडद्यावर तोच रुंद फाटा उमटला. भिंती मात्र अजून नितळ होत्या. सांगायला चिनारा वळली, तर बुरुलला गाढ झोप लागली होती.

"काय आहे?" म्हाताऱ्याने दबक्या आवाजात विचारलं.

"ठेवण तुमचीच. अजून काही साचलेलं नाही. पण जपायला हवं तिला."

म्हाताऱ्याने खुंटीवरचा आपला कोट काढून मुलीच्या पायांवर घातला.

किल्ल्या घेऊन नर्स दारात आली. तपासणी संपली होती. चिनाराने प्रोब तसाच धरून ठेवला.

"थांब जरा," ती म्हणाली, "अजून वेळ लागेल."